फाटक, तिकीट आणि रांग: पुसेगावच्या जत्रेपासून इमॅजिकापर्यंत

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जे घाईत गेलं ते इथे जरा सावकाश मांडलंय, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

दिवाळी किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या घराघरात एक विषय निघतोच. "या वर्षी पोरांना इमॅजिकाला न्यायचं." मग पुढचे प्रश्न. गाडी करायची का ST नं पुण्यापर्यंत जायचं? एका दिवसात होतं का मुक्काम लागतो? आजीला न्यायचं का? धाकट्याला पाळण्यात बसू देतील का? तिकीट काढून आत गेलो आणि सगळा दिवस रांगेतच गेला तर?

हे प्रश्न नवीन वाटतात, पण आपल्या भागात त्यांना निदान पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. आज तोच सांगायचाय. त्यासाठी तीन गोष्टींवर लक्ष ठेवू: फाटक, तिकीट आणि रांग. या तीन गोष्टी एकमेकींना कुठे भेटतात आणि कुठे भेटत नाहीत, त्यावर माणसांचा आनंद तर ठरतोच, कधी कधी जीवही ठरतो.

जत्रेला फाटक नसतं

आपल्याकडे मोठ्या गर्दीच्या ठिकाणी कुटुंबासह जायचं म्हणजे पिढ्यान् पिढ्या एकच ठिकाण होतं, जत्रा. सातारा जिल्ह्यात पुसेगावची सेवागिरी महाराजांची, म्हसवडची सिद्धनाथाची, पालीची खंडोबाची, औंधची यमाईची. सांगलीकडे खरसुंडीची सिद्धनाथाची, जतची यल्लमादेवीची, आरेवाडीची बिरोबाची, मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याचा उरूस. बऱ्याचशा जत्रा मार्गशीर्ष-पौषात येतात, आणि त्याचं कारण शेतात आहे. खरीप घरात आलेला असतो, हातात चार पैसे असतात, आणि रब्बीचं पीक उभं असलं तरी काढणीला वेळ असतो. सुट्टी कधी घ्यायची हे कॅलेंडरनं नाही, पिकानं ठरवलेलं.

जत्रेचं नियोजनही पक्कं असायचं, फक्त ते कुणी लिहून ठेवत नसे. बैलगाडी कुणाची, शिदोरीत काय, मुक्काम कुठल्या पाहुण्याकडे, घरी जनावरांना वैरण कोण घालणार. खरसुंडीला किंवा पुसेगावला खिलार बैलांचा बाजार असल्यामुळे घरातला जाणता माणूस खरेदी-विक्रीच्या हिशोबानं निघायचा आणि बाकीचे दर्शनाला, पाळण्याला, तमाशाला. म्हणजे एकाच फेरीत देव, धंदा आणि करमणूक. आणि पोरांना पहिली सूचना ठरलेली: "चुकलास तर दीपमाळेपाशी थांब, कुठं हिंडू नको."

जत्रेची सगळ्यात मोठी खूण म्हणजे तिला फाटक नसतं. गावाच्या चारी वाटांनी माणूस आत येतो. आत येण्याचे पैसे नाहीत. पाळण्यात बसायचं तर पाळणेवाल्याला द्या, मौत का कुआँ बघायचा तर तिथे द्या, तंबू टॉकीजला सिनेमा बघायचा तर तंबूच्या तोंडाशी द्या. काहीच नको असेल तर शेव-चिरमुरे खात नुसतं हिंडा, कुणी अडवणार नाही. ज्याच्या खिशात दोन रुपये आहेत तोही जत्रेत असतो आणि ज्याच्या खिशात दोनशे आहेत तोही.

पण याचा दुसरा अर्थही बघा. फाटक नाही म्हणजे मोजणी नाही. आत किती माणसं आहेत हे नक्की कुणालाच माहीत नसतं. देवस्थानाला नाही, ग्रामपंचायतीला नाही, पोलिसांना नाही. जे आकडे पेपरात येतात ते अंदाज असतात, "लाखो भाविक".

यात्रेकरूंची खरी मोजणी बरीचशी रेल्वेमुळे सुरू झाली, असं म्हणता येईल. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. अडीच फुटी रुळांची ही छोटी गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. मिरज-सांगलीकडच्या वारकऱ्याला पहिल्यांदा गाडीत बसून थेट पंढरपूर गाठता आलं. कंपनी तिकीट विकत होती, त्यामुळे किती माणसं आली आणि किती परत गेली याची नोंद तिच्या वहीत पडत होती. त्या काळात यात्रा म्हटलं की सरकारला आधी कॉलरा आठवायचा. साथ आटोक्यात ठेवायची तर माणसं किती येणार हे कळायला हवं. तिकीट आणि मोजणी यांची जोडी इथे पहिल्यांदा दिसते. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

तिकीट सांगलीनं शिकवलं

देवाच्या जत्रेला तिकीट नव्हतं, मग करमणुकीला कधी लागलं? ही गोष्ट सांगलीतून सुरू होते.

५ नोव्हेंबर १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला. आपण हाच दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. तो खेळ सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं झाला होता. खर्च राजाचा आणि बघणारे बोलावलेले. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले आणि आश्रय सुटला. नटांचा ताफा, कपडे, गाड्या, सगळ्यांची पोटं कशी चालवायची? भावे मंडळी घेऊन फिरतीवर निघाले, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून मराठी खेळ झाले. दरबारात नजराणा मिळतो, थिएटरात तिकीट विकलं जातं. दहा वर्षांत सांगलीच्या एका माणसानं हा सगळा पल्ला गाठला, तोही पोटापाण्याच्या गरजेनं.

दुसरं नाव विष्णुपंत छत्रे. हेही आपल्याच भागातले, कृष्णाकाठच्या अंकलखोपचे. घोड्यांचे मोठे जाणकार. मुंबईत कियारिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली, ती बघून छत्र्यांनी स्वतःची सर्कस उभी केली. १८८० ची ‘ग्रेट इंडियन सर्कस’ ही पहिली भारतीय सर्कस मानली जाते. पुढे म्हैसाळच्या देवलांची सर्कस आली, तासगावकडूनही सर्कशी निघाल्या. एका काळी देशभर फिरणाऱ्या सर्कशींतल्या बऱ्याच जणांची मुळं सांगली-तासगाव-मिरजेच्या पट्ट्यात होती.

या सगळ्यात तंबूकडे नीट बघा. सर्कशीचा तंबू म्हणजे गाडीवर घालून नेता येणारं फाटक. कापडाची भिंत, एक तोंड, तोंडाशी तिकीट. आत किती बाकं आहेत हे मालकाला माहीत, त्यामुळे किती तिकिटं विकायची हेही माहीत. जत्रेच्या मैदानात, जिथे कशालाच कुंपण नाही, तिथे तंबूच्या आत एक मोजलेली जागा तयार झाली. आजच्या थीम पार्कचं बीज हेच: उघड्या जगात कुंपण घालून केलेलं छोटं जग, आणि त्याच्या तोंडाशी तिकीट.

कायमचा तंबू

सर्कस फिरायची, पाळणे फिरायचे. एका जत्रेतला पाळणा पुढच्या महिन्यात दुसऱ्या जत्रेत. थीम पार्कवाल्यांनी हे उलटं केलं. तंबू एका जागी कायमचा रोवला आणि माणसांना म्हणाले, आता तुम्ही या.

जगात हे मोठ्या प्रमाणावर वॉल्ट डिस्नेनं केलं. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला १७ जुलै १९५५ ला डिस्नेलँड उघडलं. पहिला दिवस फक्त बोलावलेल्या लोकांसाठी होता, पण खोट्या पासांवर माणसं घुसली आणि सुमारे २८,००० जण आत आले. कुंपणाला शिडी लावून एकानं लोकांना पैसे घेऊन आत सोडलं, असंही सांगतात. नवं डांबर उन्हानं मऊ झालं होतं, त्यात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या. नळ कामगारांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे बरेच नळ चालू नव्हते. म्हणजे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या पार्कचा पहिला दिवस आपल्या एखाद्या बेशिस्त जत्रेसारखाच गेला. कारणही तेच. फाटकावरची मोजणी चुकली.

डिस्नेलँडची तिकिटंही सुरुवातीला जत्रेसारखीच होती. आत जायचे वेगळे पैसे, प्रत्येक खेळाचे वेगळे. काही महिन्यांत कुपनांचं पुस्तक आलं. ए, बी, सी अशा प्रती, साध्या खेळाला ए चं कुपन, आणि १९५९ पासून सगळ्यात भारी खेळाला ई चं. १९८२ मध्ये हे बंद झालं आणि एकच तिकीट आलं: फाटकावर पैसे द्या, आत सगळं मोकळं.

वरवर हा हिशोबातला बदल वाटतो, पण यानं सहलीचं सगळं नियोजनच बदललं. जत्रेत प्रश्न असतो, "पैसे कशावर घालवू?" एकच तिकीट असलं की प्रश्न होतो, "वेळ कशावर घालवू?" पैसे आधीच गेलेले. आता खिशात उरतो तो फक्त दिवस. आणि दिवस खाणारी गोष्ट एकच, रांग.

भारतात ही लाट आली ती दिल्लीच्या अप्पू घरानं. १९८२ च्या आशियाई खेळांचं मानचिन्ह होतं अप्पू हत्ती, त्याचंच नाव देऊन १९८४ मध्ये ते सुरू झालं. महाराष्ट्रात १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेल वर्ल्ड आलं. नव्वदीत टीव्ही बघितलेल्या सातारा-सांगलीच्या पोरांना त्याची जाहिरात अजून आठवत असेल. तिथे जायला मार्वे किंवा गोराईहून होडीनं खाडी ओलांडावी लागायची, त्यामुळे ज्यांनी समुद्र पाहिला नव्हता त्यांची अर्धी सहल होडीतच वसूल व्हायची. शाळेची सहल असेल तर ST ची लाल गाडी, सवलतीचं भाडं, रात्रीचा प्रवास आणि ‘मुंबई दर्शन’च्या यादीत राणीचा बाग, गेट वे ऑफ इंडिया आणि शेवटी एस्सेल वर्ल्ड. ज्या ST नं १९४८ मध्ये पुणे-अहमदनगर अशी पहिली फेरी केली, तीच पुढे जत्रेच्या जादा गाड्याही सोडू लागली आणि शाळेच्या सहलीही नेऊ लागली. आपल्या भागासाठी जत्रा आणि पार्क यांच्यातला धागा खरं तर ST आहे.

मग आलं इमॅजिका. ॲडलॅब्सचे मनमोहन शेट्टी यांनी खोपोली-पाली रस्त्यावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गापासून जवळ हे पार्क उभं केलं. एप्रिल २०१३ मध्ये ते उघडलं. पुढे वॉटर पार्क, स्नो पार्क, शेजारी हॉटेल अशी भर पडत गेली. कर्जाचा बोजा वाढला, कोरोनात ते बंद राहिलं, आणि २०२२ मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहानं ताबा घेतला. त्यांची लोणावळ्याजवळ आणि शिर्डीतही पार्कं आहेत. म्हणजे सर्कस सांगलीची होती, आणि आता पार्क संगमनेरकरांच्या हातात आहे. करमणुकीचा धंदा फक्त मुंबईतून चालतो हा समज आपल्याकडे दोनदा खोटा ठरलाय.

मांढरदेवी, २५ जानेवारी २००५

आता जो भाग सांगायचाय तो जड आहे. पण तो टाळून हा इतिहास पुरा होत नाही.

सातारा जिल्ह्यात वाई तालुक्यात डोंगरावर मांढरदेवीची काळूबाई आहे. पौष पौर्णिमेला तिची मोठी यात्रा. २५ जानेवारी २००५ ला त्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली आणि सुमारे तीनशे माणसं गेली. डोंगरावरची अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दाटीनं दुकानं, नारळाच्या पाण्यानं निसरड्या झालेल्या पायऱ्या, वर जाणारे आणि खाली येणारे एकाच चिंचोळ्या जागेत. नंतर दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले, आणि पळायला जागा नव्हती. न्यायमूर्ती राजन कोचर यांचा चौकशी आयोग नेमला गेला.

त्या वेळी बऱ्याच जणांनी दोष दिला तो भाविकांना. "लोकांना शिस्त नाही, रेटारेटी करतात." गर्दीचा अभ्यास करणारे वेगळंच सांगतात. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसांच्या वर गर्दी गेली की माणूस स्वतःच्या मनानं हलू शकत नाही. गर्दी पाण्यासारखी वाहायला लागते, तिच्यात लाटा येतात. अशा वेळी बहुतेक माणसं पायाखाली तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या छाती दाबली जाऊन श्वास कोंडतो. मागच्या माणसाला पुढे काय चाललंय हे दिसतच नाही, तो देवाच्या ओढीनं पुढे सरकत असतो. म्हणजे शिस्त असलेली माणसंही तिथे मरू शकतात. चूक असते ती वाटेच्या रुंदीत, येण्या-जाण्याच्या वाटा वेगळ्या नसण्यात, आणि वर किती माणसं आहेत हे कुणी मोजत नसण्यात.

थीम पार्कच्या रांगेत लोखंडी कठड्यांची नागमोडी वाट असते. ती बघून कंटाळा येतो. पण ती वाट नेमकं हेच काम करते. गर्दीला एका दांडग्या पुंजक्यातून काढून एका लांब दोरीत ओवते. प्रत्येकाच्या पुढे एक माणूस, मागे एक माणूस, दाब कुठेच साठत नाही. आत जायची वाट आणि बाहेर पडायची वाट वेगळी. आत जागा भरली की फाटक बंद करता येतं. तिकिटाच्या पैशात हे सगळं येतं, फक्त ते पावतीवर लिहिलेलं नसतं.

आता कुणी म्हणेल, हे तिकीट लावल्याशिवाय होत नाही. होतं. पंढरपूरला आषाढीत दर्शनबारी कित्येक किलोमीटर लांब जाते, गोपाळपूरपर्यंत पत्राशेड उभी राहतात, आणि ज्यांना इतकं उभं राहणं जमत नाही ते मुखदर्शन किंवा कळसाचं दर्शन घेऊन परततात. रांगेला पर्याय देणं ही कल्पना वारकऱ्यांना जुनीच आहे. विदर्भात शेगावचं गजानन महाराज संस्थान तर शिस्तबद्ध दर्शनासाठी आणि सेवेकऱ्यांसाठी ओळखलं जातं, आणि त्याच संस्थानानं २००१ च्या सुमारास ‘आनंद सागर’ नावाचं मोठं उद्यानही उभं केलं. एकाच संस्थेला देवाची रांग आणि उद्यानाची रांग दोन्ही सांभाळता येतात, याचा हा आपल्याच राज्यातला पुरावा. मोजणी तिकिटानं सोपी होते, पण मोजायची इच्छा असेल तर तिकीट नसतानाही मोजता येतं.

मग पहिल्यांदा जाताना काय करायचं?

इतका इतिहास ऐकून घेतलात, आता त्याचा उपयोग करून घेऊ.

पहिलं, अंतर. साताऱ्याहून इमॅजिका सुमारे चार तास. सांगलीहून आधी इस्लामपूर, पेठ नाका गाठून हायवे धरायचा, मग सहा-साडेसहा तास धरून चला. साताऱ्याची मंडळी भल्या पहाटे निघून रात्री परत येऊ शकतात, पण ड्रायव्हरचा विचार करा. दिवसभर उन्हात उभा राहिलेला माणूस रात्री खंबाटकी घाट चालवणार आहे. सांगलीकरांनी सरळ मुक्काम धरावा, आदल्या रात्री पुण्यात किंवा लोणावळ्यात. आपले आजोबा जत्रेला जाताना पाहुण्याकडे एक रात्र धरूनच निघायचे, ते उगाच नाही.

दुसरं, महिना. खोपोली घाटाच्या पायथ्याशी आहे, जून ते सप्टेंबर तिथे पाऊस धो धो असतो आणि उंच उघडे खेळ पावसात थांबवावे लागतात. मे महिन्यात ऊन आणि सुट्टीची गर्दी दोन्ही. जत्रा ज्या महिन्यांत असतात तेच महिने, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, इथेही सगळ्यात बरे. फक्त नाताळचा आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. आठवड्यातला मधला दिवस मिळाला तर उत्तम.

तिसरं, रांगेचं गणित. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, तिथे रांगा सारख्याच भेटतात, माणसांच्या नसल्या तरी कामांच्या. जॉन लिटल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९६१ मध्ये एक नियम सिद्ध केला. सोप्या भाषेत तो असा: रांगेतली माणसं भागिले दर तासाला सुटणारी माणसं म्हणजे थांबायचा वेळ. समजा गाडीत २० जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. तासाला ४०० जण झाले. तुमच्या पुढे २०० दिसत असतील तर अर्धा तास. रांगेत शिरायच्या आधी दोन गाड्या सुटताना बघा आणि मनात गुणाकार करा. छोटी दिसणारी रांग मोठ्या रांगेपेक्षा जास्त वेळ खाऊ शकते, जर तिथली गाडी चार जणांची असेल तर.

यातून क्रम आपोआप ठरतो. फाटक उघडताच बहुतेक जण पहिल्या दिसलेल्या खेळापाशी थांबतात. तुम्ही तो सोडा, आतपर्यंत चालत जा आणि ‘नायट्रो’सारखा मोठा रोलर कोस्टर आधी करा. दुपारच्या उन्हात बंदिस्त, बसून बघायचे खेळ ठेवा. जेवण साडेअकराला किंवा अडीचला, एकला नको. सर्कशीत पहिल्या बाकावर बसायचं तर तंबूपाशी लवकर जावं लागायचं, तसंच हे.

चौथं, उंची. मोठ्या खेळांना उंचीची अट असते, वयाची नाही. घरातून निघायच्या आधी दाराच्या चौकटीला उभं करून धाकट्याची उंची मोजा आणि पार्कच्या साइटवर कुठल्या खेळाला किती उंची लागते ते बघा. चार तास प्रवास करून फाटकाशी रडणारं पोर सांभाळण्यापेक्षा घरी पाच मिनिटं मोजपट्टी धरलेली बरी. ही अट वाद घालून मोडायची नसते. कमरेवरचा लोखंडी दांडा ज्या अंगाच्या मापानं केलाय, त्यापेक्षा लहान अंग त्यातून निसटू शकतं. तिथल्या पोराशी "बसू दे ना रे, मोठाच आहे" असं म्हणून हुज्जत घालू नका.

पाचवं, चुकामूक. मोबाइल आहे म्हणून निश्चिंत राहू नका, रोलर कोस्टरवर मोबाइल खाली ठेवायला लागतो आणि दुपारी बॅटरीही संपते. आत गेल्या गेल्या सगळ्यांनी मिळून एक ठिकाण ठरवा. "चुकलास तर इथं थांब." दीपमाळेचा नियम इथेही तसाच्या तसा चालतो. आणि आजी-आजोबांना नेत असाल तर त्यांचं दिवसभराचं बसायचं ठिकाणही तेच ठेवा. त्यांना सगळे खेळ करायचे नसतात, पोरं करताना बघायचं असतं.

शेवटचं

एक गोष्ट मात्र खटकत राहते. पार्कमध्ये माणूस मोजला जातो कारण त्यानं पैसे दिलेले असतात. सहा जणांच्या कुटुंबाचं तिकीट, गाडीभाडं आणि जेवण धरलं तर ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा रोजगारावर जगणाऱ्या घराला इमॅजिका हे दिवाळीतलं स्वप्नच राहतं. तेच घर पौषात डोंगर चढून काळूबाईला जातं, कारण तिथे फाटक नाही. ज्याला मोजणीची सगळ्यात जास्त गरज, तो नेमका अशा ठिकाणी जातो जिथे मोजणी सगळ्यात कमी. जत्रेचं मोकळेपण टिकलंच पाहिजे, पण त्या मोकळेपणाची किंमत माणसांनी जिवानं का द्यावी?

त्यामुळे इमॅजिकाहून परत येताना पोरांना खेळ कुठला आवडला हे तर विचाराच, पण रांग कशी आखली होती, आत आणि बाहेरची वाट कशी वेगळी होती, जागा भरल्यावर फाटकावर काय करत होते, हेही त्यांना दाखवा. त्यांच्यातलंच कुणी उद्या गावच्या यात्रा कमिटीत बसेल. तेव्हा पालखीच्या वाटेवर दुकानांना जागा देताना, पायऱ्यांवर नारळ फोडू द्यायचा का हे ठरवताना, वर जायची आणि खाली यायची वाट वेगळी आखताना त्याला ती नागमोडी रांग आठवली, तर तिकिटाचे पैसे खऱ्या अर्थानं वसूल झाले.

पुढच्या भागात म्हैसाळ आणि तासगावच्या सर्कशींबद्दल सविस्तर बोलू. तुमच्या घरात कुणी सर्कशीत काम केलं असेल, जुने फोटो किंवा हँडबिलं असतील, तर जरूर कळवा. भेटू मंडळी.